सततच्या फिरतीसाठी हलका लॅपटॉप : तीस हजारांच्या आसपास काय घ्यावे?

मोहफूल

नमस्कार मंडळी,

मी गडचिरोली जिल्ह्यात सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचे काम करते. राहायला आरमोरीत आहे आणि काम कुरखेडा, कोरची व धानोरा या तालुक्यांतल्या सेवा सोसायट्यांमध्ये आणि आदिवासी विविध कार्यकारी संस्थांमध्ये असते. मार्चअखेर उलटली की आमचा हंगाम सुरू होतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, आणि नाले भरून रस्ते बंद होऊ लागेपर्यंत तो चालतो. निम्मा प्रवास एसटीने आणि पुढचा मोपेडवर होतो.

सध्याचा लॅपटॉप १५.६ इंची असून सव्वादोन किलोचा आहे. त्याची बॅटरी जेमतेम अर्धा तास टिकते, त्यामुळे सोसायटीच्या कार्यालयात पाऊल टाकले की गटसचिवांकडे किर्द मागण्याआधी प्लग कुठे आहे ते विचारावे लागते. धान खरेदी केंद्राच्या गोदामात तर प्लग नसतोच. तिथे बारदान्याच्या थप्पीवर बसून साठा नोंदवही, वजनाच्या पावत्या आणि प्रत्यक्ष पोती यांचा मेळ घालायचा असतो. ते आकडे आधी कागदावर उतरवायचे आणि रात्री घरी पुन्हा भरायचे, हा दुहेरी खटाटोप मला थांबवायचा आहे.

टॅली, बऱ्यापैकी मोठ्या एक्सेल फाइली, स्कॅन केलेले पीडीएफ, डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल आणि युनिकोडमधला मराठी अहवाल एवढेच माझे काम आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना २०२२ मध्ये मंजूर झाल्यापासून काही संस्थांची खाती ब्राउझरमध्येच पाहावी लागतात, म्हणून टॅली, एक्सेल आणि ब्राउझर हे तिन्ही एकाच वेळी उघडे राहिले पाहिजेत. खेळ किंवा व्हिडिओ संपादन यांच्याशी माझा संबंध नाही.

तीस हजारांपर्यंत तयारी आहे, फार तर दोन-तीन हजार वर. नवा घ्यावा की वापरलेला, आणि वजन नेमके किती असावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे.

वर्धाकाठ

ताई, लॅपटॉपच्या वजनाचा विचार करण्याआधी आपली रोजची बॅग एकदा किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहा, असे मी सुचवेन. जाहिरातीत छापलेले वजन फक्त यंत्राचे असते. त्यासोबतचा जुन्या घडणीचा अडॅप्टर आणि त्याची जाड वायर मिळून तीनशे-चारशे ग्रॅम सहज भरतात, आणि ज्याची बॅटरी टिकत नाही त्या यंत्राबरोबर एक्स्टेंशन बोर्डही आपोआप बॅगेत येऊन बसतो. बॅटरी चांगली असली तर हा बोर्ड घरी राहतो आणि अडॅप्टरही बहुतेक दिवस घरीच राहू शकतो. म्हणून खांद्यावरचे ओझे कमी करायचे असेल तर यंत्र दोनशे ग्रॅमने हलके शोधण्यापेक्षा दिवसभर टिकणारी बॅटरी शोधणे जास्त उपयोगाचे ठरते.

आकाराबाबत माझे मत ठाम आहे. आपले काम रकान्यांचे आहे. १३.३ इंची पडद्यावर खतावणीचे सगळे रकाने एका नजरेत बसत नाहीत, चाळिशीनंतरच्या डोळ्यांना तर अजिबात नाही, आणि १५.६ इंची यंत्र मोपेडवरच्या सॅकमध्ये अवघड होते. १४ इंच, १९२० गुणिले १०८० रेझोल्यूशन आणि दीड किलोच्या आत वजन, एवढे धरून चालावे. १३६६ गुणिले ७६८ चा पडदा अजूनही स्वस्त आणि जुन्या यंत्रांमध्ये गळ्यात मारला जातो, तो घेऊ नये.

पऱ्हाटी

मी यवतमाळ जिल्ह्यात कृषी निविष्ठांच्या कामासाठी फिरतो. माझा कौल नव्या लॅपटॉपला आहे, कारण वॉरंटी असते आणि बॅटरी कोरी असते. मात्र या किमतीत नवे घेताना काही सापळे आहेत, ते सविस्तर लिहितो.

पहिला सापळा म्हणजे वीस-बावीस हजारांतले अगदी स्वस्त हलके लॅपटॉप. दिसायला सडपातळ आणि वजनाला सव्वा किलो असले तरी आत सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि एसएसडी या वेगवान साठवणीऐवजी ६४ किंवा १२८ जीबीचे ईएमएमसी हे संथ साठवण असते, आणि हे सारे मदरबोर्डवर झाळून बसवलेले असल्यामुळे पुढे काहीही वाढवता येत नाही. विंडोज ११ साठी कागदोपत्री ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरेशी म्हटली जाते, परंतु टॅली आणि ब्राउझर एकत्र उघडल्यावर असे यंत्र किती चालते हे दुकानात स्वतःच उघडून पाहावे.

दुसरा सापळा प्रोसेसरच्या नावाचा आहे. एएमडीच्या ७००० मालिकेतल्या रायझनच्या चार आकड्यांपैकी तिसरा आकडा त्याची मूळ रचना सांगतो. ७३२०यू आणि ७५२०यू यांत तो २ आहे, म्हणजे नाव २०२३ सालचे आणि आतली झेन २ रचना २०१९ ची. ७५३०यू मध्ये तो ३ आहे आणि ते बरेच दमदार प्रोसेसर आहे. शिवाय ७३२०यू असलेल्या यंत्रांत रॅम झाळलेलीच असते, त्यामुळे ८ जीबी घेतली की ८ जीबीच राहते. इंटेलमध्ये आय३-१२१५यू हे सहा कोरचे प्रोसेसर आपल्या कामाला पुरून उरते. त्याचे ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असलेले लॅपटॉप साधारण पस्तीस हजारांच्या आसपास आणि सणासुदीला थोडे खाली मिळतात. दुसऱ्या रॅमसाठी मोकळी खाच आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट वॉरंटीची. ‘ऑनसाइट’ असे छापलेले असले तरी कंपनीचा माणूस आपल्या पिनकोडवर येतो की नाही, हे खरेदीपूर्वी तपासावे. नाहीतर वॉरंटी असूनही नागपूरची वारी ठरलेलीच.

दुरुस्तीवाला

मोहफूलताई, माझे हिंगणघाटला दुरुस्तीचे दुकान आहे. पऱ्हाटी भाऊंनी सापळे बरोबर सांगितले आहेत, परंतु त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. पस्तीस हजारांतला नवा लॅपटॉप बहुतेक वेळा १५.६ इंची, प्लास्टिकच्या अंगाचा, ४०-४२ वॅट-तासांच्या लहान बॅटरीचा आणि गोल पिनेच्या चार्जरचा असतो. तो टेबलावर ठेवून वापरण्यासाठी घडवलेला असतो. आपल्याला तो रोज सॅकमध्ये घालून कच्च्या रस्त्याने न्यायचा आहे.

माझ्याकडे येणाऱ्या अशा यंत्रांत सर्वांत जास्त तक्रार बिजागरीची असते. बिजागरीचे स्क्रू ज्या बारीक पितळी नटांत बसतात, ते नट प्लास्टिकमध्ये नुसते रोवलेले असतात. बिजागरी घट्ट झाली किंवा झाकण रोज एकाच कोपऱ्याला धरून उघडले की प्लास्टिक तडकते, नट उखडतो, आणि मग झाकण उघडताना खालच्या बाजूची शिवण उसवत जाते. आम्ही तिथे चिकटद्रव्य भरून देतो खरे, पण ती डागडुजी होय. याउलट मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जे बिझनेस वर्गातले लॅपटॉप घेतात, त्यांचा सांगाडा धातूचा किंवा मजबूत मिश्रणाचा असतो, बिजागरी धातूतच अडकवलेली असते, आणि तीन-चार वर्षांनी कंपनीने ते एकगठ्ठा विकले की तेच यंत्र आपल्याला मूळ किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळते.

आपल्या कामासाठी मी पुढील यंत्रे सुचवीन. एचपीचे एलिटबुक ८४० जी५ सुमारे दीड किलोचे, ५० वॅट-तासांच्या बॅटरीचे आहे. डेलचे लॅटिट्यूड ७४९० सुमारे १.४ किलोचे आहे आणि त्यात ६० वॅट-तासांची बॅटरी असलेले नग मिळतात. या दोन्हींत रॅमच्या दोन-दोन खाचा आहेत. लेनोवोचे थिंकपॅड टी ४८०एस सुमारे १.३ किलोचे आहे, मात्र त्यात काही रॅम झाळलेली असते आणि खाच एकच असते. ही सर्व १४ इंची आहेत, बहुतेक नगांत आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही सर्व सी-टाइप केबलने चार्ज होतात. ८ जीबी रॅमसह ती साधारण वीस ते पंचवीस हजारांत मिळतात. उरलेल्या पैशांत रॅम १६ जीबी करावी आणि नव्या बॅटरीसाठी अडीच-तीन हजारांची तजवीज ठेवावी.

थिंकपॅड एक्स २८० सुद्धा बाजारात पुष्कळ दिसते आणि ते हातात घेताच मोह होतो, कारण वजन सव्वा किलोच्या आसपास आहे. परंतु ते १२.५ इंची आहे आणि त्याची रॅम पूर्णपणे झाळलेली असते. रकान्यांच्या कामाला मी ते सुचवणार नाही.

पऱ्हाटी

दुरुस्तीवाले भाऊ, यंत्राच्या मजबुतीबद्दल दुमत नाही. परंतु वापरलेल्या यंत्राची बॅटरी किती उरली आहे, आत कुणी काय बदलले आहे, हे सामान्य ग्राहकाला कसे कळावे? माझ्या एका सहकाऱ्याला एका विक्रेत्याने ‘विंडोज ११ सह’ म्हणून यंत्र दिले आणि ते सातव्या पिढीचे निघाले. विक्रेत्याने मग हात वर केले.

दुरुस्तीवाला

शंका रास्त आहे, म्हणून तपासणी नीटच सांगतो.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते, आणि त्यामुळेच सातव्या पिढीचा माल स्वस्तात बाजारात आला आहे. तपासणी चुकवून त्यावर विंडोज ११ चढवता येते, परंतु पुढच्या अद्ययावतीची हमी राहत नाही. थिंकपॅड टी ४७० आणि टी ४८० शेजारी ठेवले तर बाहेरून ओळखू येत नाहीत इतके सारखे आहेत. म्हणून नावावर न जाता सिस्टीमच्या माहितीत प्रोसेसरचा क्रमांक वाचावा. आय५-७२००यू असेल तर सातवी पिढी आणि दोन कोर. आय५-८२५०यू किंवा ८३५०यू असेल तर आठवी पिढी आणि चार कोर. एका पिढीत कोर दुप्पट झाले, आणि टॅलीसोबत ब्राउझर उघडल्यावर तो फरक लगेच हाताला जाणवतो.

बॅटरीसाठी विंडोजमध्येच बॅटरी रिपोर्ट काढण्याची सोय आहे. कमांड प्रॉम्प्टमधून तो दुकानदाराला काढायला सांगावा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता ती पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर बॅटरी बदलून मागावी किंवा तेवढी रक्कम कमी करून घ्यावी. बाजारातल्या नकली बॅटऱ्या अहवालात मूळचाच आकडा दाखवतात, त्यामुळे नुसत्या अहवालावर विसंबू नये. दुकानात बसून पाऊण-एक तास अडॅप्टर काढून यंत्र चालवावे, आणि टक्केवारी सरळ उतरते की चाळीसवरून एकदम दहावर कोसळते, हे पाहावे.

कळफलकाची प्रत्येक कळ नोटपॅडमध्ये दाबून पाहावी. पडदा पूर्ण पांढरा आणि मग पूर्ण काळा करून डाग व पट्टे पाहावेत. सी-टाइप चार्जिंगच्या खाचेत केबल घालून हलकेच हलवावी, आणि चार्जिंग तुटत-जुळत असेल तर ते यंत्र बाजूला ठेवावे, कारण ती खाच बोर्डवर झाळलेली असते आणि तिची दुरुस्ती प्रत्येकाला जमत नाही.

माझ्याकडची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण आपल्या भागात ती महत्त्वाची आहे. जिनिंगमध्ये वापरलेले लॅपटॉप उघडले की पंख्यामागच्या जाळीवर रुईचा जाड नमदा बसलेला असतो. तो चिमट्याने धरला तर अखंड पट्टीसारखा निघतो. बाहेरून यंत्र चकचकीत दिसते, पण हवा जायला वाटच उरलेली नसते. तांदळाच्या गिरणीत कोंडा हेच करतो. वापरलेले यंत्र घेतल्यावर एकदा उघडून साफ करून घ्यावे, प्रोसेसरवरचा लेप बदलावा, आणि आपले काम गोदामांत आहे म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला तेवढे करावेच.

मोहफूल

सर्वांचे मनापासून आभार. सी-टाइप चार्जिंगला इतके महत्त्व का, हे थोडे उलगडून सांगाल का? माझ्याकडे मोबाइलची २०,००० एमएएचची पॉवर बँक आहे. तिच्यावर लॅपटॉप चालेल का? कोरचीकडे सायंकाळी वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून विचारते.

सातपुडा

मी मेळघाटात आरोग्याच्या एका प्रकल्पावर काम करतो. धारणी, हरिसाल, सेमाडोह हा आमचा पट्टा आहे, त्यामुळे विजेच्या प्रश्नावर थोडे अधिकाराने लिहू शकेन.

गोल पिनेचा चार्जर हरवला किंवा जळला तर त्याच मापाचा दुसरा तालुक्याला मिळेलच असे नाही. सी-टाइप चार्जर मोबाइलच्या दुकानातही मिळतो आणि एकाच चार्जरवर मोबाइल व लॅपटॉप दोन्ही भागतात. ६५ वॅटचे नव्या पद्धतीचे गॅन चार्जर मुठीत मावतात आणि जुन्या अडॅप्टरच्या निम्म्याहूनही हलके असतात. चार्जरइतकीच केबल महत्त्वाची आहे. साधी सी-टाइप केबल तीन अँपियरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटपर्यंत वाहते. त्याहून अधिक शक्तीसाठी आत ओळखचिप असलेली पाच अँपियरची केबल लागते, नाहीतर ६५ वॅटचा चार्जरही ६० वॅटपेक्षा जास्त देत नाही. अर्थात ताईंच्या कामाला ४५ वॅटसुद्धा पुरतात, फक्त बॅटरी भरायला वेळ लागतो.

आता पॉवर बँक. २०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो, म्हणजे एकूण साठा ७४ वॅट-तास. व्होल्टेज वाढवताना होणारी घट वजा जाता लॅपटॉपला साठाच्या आसपास वॅट-तास मिळतात. ५० वॅट-तासांची बॅटरी त्यावर एकदा पूर्ण भरते. परंतु पॉवर बँकेच्या मागच्या बाजूला छापलेले बारीक अक्षर वाचावे. सी-टाइप पीडी (पॉवर डिलिव्हरी), २० व्होल्ट, ४५ किंवा ६५ वॅट असे आउटपुट लिहिलेले असेल तरच लॅपटॉप चार्ज होतो. मोबाइलच्या बहुतेक पॉवर बँका १८ किंवा २२.५ वॅटच्या असतात आणि ९ किंवा १२ व्होल्टवर थांबतात. त्यांना लॅपटॉप जुमानत नाही, किंवा ‘मंद चार्जर’ अशी सूचना दाखवून बॅटरी उतरतच राहते. ताईंच्या पॉवर बँकेवर काय लिहिले आहे ते पाहून येथे सांगावे.

ज्यांच्याकडे जीप किंवा कार असते त्यांनी १२ व्होल्टच्या सॉकेटचा पीडी कार चार्जर जरूर ठेवावा. मोपेडवर तो मार्ग नाही. इंटरनेटसाठी मोबाइलचा वायफाय हॉटस्पॉट लावण्याऐवजी यूएसबी केबलने टेदरिंग करावे. मोबाइलची बॅटरीही त्यामुळे उतरत नाही. त्याचबरोबर विंडोजमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’ (मोजक्या डेटाची) करून टाकावे, नाहीतर भर कामात विंडोजची अद्ययावती दिवसाचा डेटा गिळून बसते.

आमच्या पथकात एकाकडे थिंकपॅड टी ४८० आहे, टी ४८०एस नव्हे. त्यात एक बॅटरी आत आणि दुसरी मागून काढता येणारी असते, त्यामुळे यंत्र बंद न करता बाहेरची बॅटरी बदलता येते. दोन जास्तीच्या बॅटऱ्या जवळ असल्या की दोन दिवस प्लगचे तोंड पाहावे लागत नाही. मोठी बॅटरी लावल्यावर वजन पावणेदोन किलोपर्यंत जाते, हे मात्र खरे. कोरचीसारख्या ठिकाणी मुक्काम होत असेल तर मी टी ४८०एसपेक्षा टी ४८० घेईन.

मोहफूल

पॉवर बँकेवर २२.५ वॅट लिहिले आहे आणि व्होल्टचा आकडा १२ च्या पुढे नाही. म्हणजे ती मोबाइलपुरतीच राहणार.

वर्धाकाठ

दोन मुद्दे राहून गेले आहेत. पडद्याचा उजेड ‘निट’ या एककात मोजतात. स्वस्त पडदे २२० ते २५० निटचे असतात. खोलीत ते चालतात, पण गोदामाच्या दाराशी किंवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसल्यावर अक्षर दिसत नाही आणि चमकदार काच असेल तर स्वतःचाच चेहरा दिसतो. ३०० निटच्या वर आणि चमक नसलेला पडदा असावा. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळे पडदे लावलेले असतात, म्हणून यंत्र दुकानाच्या बाहेर उजेडात आणून पाहण्याचा आग्रह धरावा. दुकानदार कुरकुर करतो, करू द्यावी.

दुसरा मुद्दा माहितीच्या सुरक्षेचा. ताईंच्या यंत्रात सभासदांची कर्जखाती, आधार क्रमांक आणि सह्या असणार. एसटीत बॅग विसरली तर यंत्राच्या किमतीपेक्षा त्या माहितीची चिंता मोठी असेल. बिझनेस वर्गातल्या यंत्रांत सहसा विंडोज प्रो असते आणि त्यात बिटलॉकर ही कुलूपबंदीची सोय मिळते. ती पहिल्याच दिवशी सुरू करावी आणि तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर उतरवून घरी ठेवावी, लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे.

धानशेत

मी गोंदियाकडचा आहे. एक बाळबोध प्रश्न विचारतो : क्रोमबुक किंवा जुने मॅकबुक एअर का नको? मॅकबुक एअर एम १ चे वजन १.२९ किलो आहे, त्यात पंखाच नाही म्हणजे रुई आणि कोंड्याचा प्रश्नच मिटला, आणि बॅटरी दिवसभर चालते.

दुरुस्तीवाला

धानशेत भाऊ, लेखन-वाचनाच्या कामाला मॅकबुक एअर एम १ उत्तमच आहे. परंतु टॅली विंडोजवर चालते, आणि डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल जुन्या चौकोनी यूएसबीचा असतो, तर मॅकबुकला फक्त सी-टाइप खाचा आहेत. रॅम, एसएसडी यांपैकी काहीही बदलता येत नाही, आणि पडदा गेला तर त्या खर्चात येथे दुसरे यंत्र येते. क्रोमबुकवर तर टॅली थेट चालतच नाही. स्नॅपड्रॅगन प्रोसेसर असलेले नवे विंडोज लॅपटॉप बॅटरीला फार चांगले असले तरी डोंगल, स्कॅनर, अंगठ्याचे यंत्र यांना त्या प्रोसेसरसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो प्रत्येक उपकरणाचा मिळतोच असे नाही. सरकारी आणि सहकारी कामासाठी इंटेल किंवा एएमडी हाच निर्धोक रस्ता आहे.

सातपुडा

उन्हाबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. यंत्र लगेच बंद पडत नाही, परंतु प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि पंखा सतत घोंघावत राहतो. खरे नुकसान बॅटरीचे होते. लिथियम बॅटरीला उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था या दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत. पूर्ण भरलेला लॅपटॉप मोपेडच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या जीपमध्ये ठेवणे हा बॅटरी लवकर संपवण्याचा हमखास मार्ग आहे. लेनोवोच्या व्हँटेज प्रोग्रॅममध्ये, तसेच डेल आणि एचपीच्या बायोस (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ मांडणीच्या) सेटिंगमध्ये चार्जिंगला मर्यादा घालण्याची सोय असते. घरी असताना ती ८० टक्क्यांच्या आसपास ठेवावी आणि लांबच्या दौऱ्याच्या आदल्या रात्री तेवढी पूर्ण भरावी. यंत्र तापलेले असताना चार्जिंगला लावू नये, आधी अर्धा तास सावलीत निवू द्यावे.

मोपेडवर लॅपटॉप पाठीवरच असावा. डिक्कीत ऊनही लागते आणि खड्ड्यांचे हादरे थेट पडद्याला बसतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा एसएसडीला हादऱ्यांची भीती कमी असते, पण पडद्याची काच तीच असते. पावसाळ्यासाठी सॅकवरच्या आवरणावर विसंबू नये, आत जाड प्लास्टिकची पिशवी हवीच.

मोहफूल

गेल्या आठवड्यात नागपूरला काम होते, तेव्हा सीताबर्डीतल्या दुकानांतून फिरून आले. एलिटबुक ८४० जी५ आणि थिंकपॅड टी ४८० ही दोन्ही पाहिली. एलिटबुकचा पडदा दुकानाबाहेर नेल्यावरही वाचता येत होता, थिंकपॅडचा तितका नव्हता. कळफलक मात्र थिंकपॅडचा फारच सुखाचा वाटला. एलिटबुकची बॅटरी अहवालात ८४ टक्के निघाली आणि पाऊण तासात सरळ उतरत गेली. १६ जीबी रॅमसह सव्वीस हजार सांगितले आहेत. माझा कल एलिटबुककडे आहे, कारण कोरचीचा मुक्काम वर्षातून थोडाच असतो आणि उरलेल्या पैशांत ६५ वॅटची पॉवर बँक बसते. फक्त एक खटकले : यंत्र सुरू करताना पडद्यावर कुठल्यातरी परदेशी कंपनीचे नाव क्षणभर चमकून गेले. दुकानदार म्हणाला की त्यात काही नाही. खरोखर काही नसते का?

दुरुस्तीवाला

ताई, पैसे देण्याआधी एवढे नक्की करून घ्या. नुसते बोधचिन्ह राहिले असेल तर ते निरुपद्रवी असते, बायोसमधून काढता येते. परंतु त्यामागे तीन प्रकारची कुलपे असू शकतात. पहिले बायोसच्या पासवर्डचे. सुरू करताना एफ१० दाबून बायोस उघडावे आणि चार्जिंगची मर्यादा बदलून जतन होते का पाहावे. पासवर्ड मागितला तर यंत्र परत ठेवावे, कारण एलिटबुकमध्ये तो काढणे सोपे नाही. दुसरे, बायोसमध्येच ‘अ‍ॅब्सोल्यूट’ नावाची चोरीविरोधी सोय असते. ती ‘सक्रिय’ दिसली तर मूळ कंपनीला ते यंत्र दुरून बंद करता येते. ती ‘निष्क्रिय’ असावी. तिसरे कुलूप विंडोजचे आहे आणि ते दुकानात सहज लक्षात येत नाही, कारण दुकानदाराने इंटरनेट न जोडता विंडोज चढवलेले असते. त्याला आपल्यासमोर विंडोज रीसेट करायला सांगावे आणि पहिल्या मांडणीच्या वेळी आपल्या मोबाइलचे इंटरनेट जोडावे. ‘अमुक कंपनीत आपले स्वागत आहे, कंपनीचा ईमेल टाका’ असा पडदा आला तर ते यंत्र अजूनही त्या कंपनीच्या नोंदीत आहे. नेहमीसारखा मायक्रोसॉफ्ट खात्याचा पडदा आला तर काळजी नाही. रीसेटला तासभर लागतो, तेवढ्यात जेवून यावे, पण इंटरनेट जोडण्याचे काम स्वतःच्या हाताने करावे.

बिलावर यंत्राचा अनुक्रमांक, जीएसटी आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्यावेत. बॅटरी आणि अडॅप्टर त्या वॉरंटीत धरले आहेत की नाहीत, हेही त्याच बिलावर लिहून घ्यावे, कारण तोंडी बोलण्यात ते धरलेले असतात आणि नंतर नसतात. एलिटबुकसोबत बहुधा गोल पिनेचा अडॅप्टर देतील. तो नको म्हणून सांगावे आणि त्याऐवजी सी-टाइप चार्जर मागावा, किंवा तेवढे पैसे कमी करून घ्यावेत.

मोहफूल

शुक्रवारी पुन्हा नागपूरला जाणे आहे. रीसेट समोर बसून करून घेते आणि कोणता पडदा येतो ते येथे कळवते. वर्धाकाठ काका, मराठीसाठी इन्स्क्रिप्टची अक्षरे असलेली चिकटपट्टी कळफलकावर लावली तर कळांखालच्या दिव्याचा उजेड झाकला जातो का?

वर्धाकाठ

झाकला जातो. पारदर्शक पट्ट्या मिळतात, ज्यांवर फक्त अक्षर छापलेले असते, त्या मागाव्यात. अपारदर्शक पट्टी उन्हाळ्यात घामाने कडेला सुटते आणि तिचा चिकट थर कळेच्या फटीत उतरतो. आपण इन्स्क्रिप्ट रोज वापरत असाल तर पट्टीची गरज महिनाभरात राहणार नाही.